बायू टेश आणि लुईझियाना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या दक्षिणेला, लुईझियाना राज्यात, बायू टेश हा सुमारे २०० किलोमीटर लांबीचा संथ प्रवाह आहे. काठावर लाइव्ह ओकची पसरलेली झाडे, फांद्यांवरून लोंबणारे करडे शेवाळ, मागे उसाची शेते. फोटोंमुळे लोक तिथे जातात, आणि गेल्यावर बरेच प्रश्न पडतात. ह्यूस्टन किंवा डॅलसहून जाणाऱ्या मराठी कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. टेश हा नुसता देखावा मानला तर त्यातले फारसे काही समजत नाही. त्याचे पाणी, जमीन, भाषा आणि कायदा हे सगळे राज्याशी जोडलेले आहे, म्हणून उत्तरेही त्याच अंगाने दिली आहेत.

बायू म्हणजे नदी, ओढा की खाडी?

अगदी कमी उताराच्या सपाट प्रदेशातून रेंगाळत वाहणारा प्रवाह म्हणजे बायू. काही बायू समुद्राला मिळतात आणि त्यांत भरती-ओहोटी जाणवते, काही दोन नद्यांना जोडतात, तर काही मोठ्या नदीने सोडून दिलेल्या जुन्या पात्रातून वाहतात. टेश या तिसऱ्या प्रकारचा.

साधारण ४,५०० ते २,८०० वर्षांपूर्वी मिसिसिपीचा मुख्य प्रवाह इथून वाहत होता. पुढे मिसिसिपी पूर्वेकडे सरकली आणि तिच्या रुंद पात्रात हा छोटा प्रवाह उरला. टेशची वळणे त्याच्या पाण्याच्या मानाने फारच मोठी आणि डौलदार वाटतात, कारण ती मुळात मिसिसिपीची आहेत.

तो नेमका कुठून कुठे जातो?

उत्तरेला पोर्ट बॅरी या गावी तो कुर्टाब्लो बायूपासून फुटतो. तिथून आर्नोव्हिल, ब्रो ब्रिज, सेंट मार्टिनव्हिल, न्यू आयबीरिया, जेनरेट, शॅरेंटन, फ्रँकलिन अशी गावे घेत पॅटरसनजवळ अचाफलाया नदीच्या खालच्या टप्प्याला मिळतो. वाटेत सेंट लँड्री, सेंट मार्टिन, आयबीरिया आणि सेंट मेरी या चार पॅरिश लागतात. लुईझियानात जिल्ह्याच्या पातळीवरच्या विभागाला पॅरिश म्हणतात आणि राज्यात असे ६४ विभाग आहेत. इतर राज्यांतली काउंटी इथे नाही. जीपीएसमध्ये किंवा हवामानाच्या इशाऱ्यात पॅरिशचेच नाव येते, म्हणून ही चार नावे लक्षात ठेवा.

टेशमध्ये पाणी येते कुठून? पाऊस तर भरपूर पडतो म्हणतात.

पाऊस भरपूर पडतो, पण टेशच्या वाट्याला त्यातला फार थोडा येतो. मिसिसिपी इथून वाहत असताना दर पुरात गाळ काठावर टाकत गेली. जड वाळू आणि रेती काठाशी बसली, बारीक चिकणमाती लांब वाहून गेली. त्यामुळे जमीन काठाशी सर्वांत उंच आणि दोन्ही बाजूंना मागे उतरत गेलेली आहे. पावसाचे पाणी बायूकडे न येता त्याच्यापासून दूर, मागच्या दलदलीकडे जाते. टेशला स्वतःचे पाणलोट क्षेत्र जवळपास नाही. तो जगत होता तो वरून कुर्टाब्लोतून येणाऱ्या पाण्यावर.

१९२७ मध्ये मिसिसिपीला महापूर आला. त्यानंतर केंद्र सरकारने अचाफलायाच्या दोन्ही बाजूंना प्रचंड पूरबांध घातले. पश्चिमेकडच्या बांधाने कुर्टाब्लोचा जुना मार्ग तोडला आणि टेशचा पुरवठाही आटला. कोरड्या महिन्यांत पाणी साचून वास येऊ लागला. टेशचे काही पाणी ज्या व्हर्मिलियन नदीला मिळते, तिच्यात समुद्राचे खारे पाणी वर चढू लागले. भातशेतीला खारे पाणी चालत नाही, त्यामुळे ओरड झाली.

यावर उपाय निघाला तो उपसा योजनेचा. १९८२ पासून क्रोट्झ स्प्रिंग्ज इथल्या केंद्रातून अचाफलायाचे पाणी पंपाने उचलून कुर्टाब्लोमार्गे पोर्ट बॅरीला आणले जाते. टेश-व्हर्मिलियन फ्रेश वॉटर डिस्ट्रिक्ट नावाची संस्था हे काम पाहते. खाली आर्नोव्हिलला फ्युझेलिए बायूतून आणि ब्रो ब्रिजच्या खाली रूथ कालव्यातून काही पाणी व्हर्मिलियनकडे वळवले जाते, उरलेले टेशमधून पुढे जाते. अतिवृष्टीत व्हर्मिलियन चढली की पंप थांबवावे लागतात, नाहीतर लाफियेट शहराच्या पुरात भर पडेल.

म्हणजे ब्रो ब्रिजच्या पुलावरून दिसणारे पाणी बहुतांश विजेच्या जोरावर आलेले असते. अचाफलायातले पाणी तरी कोणाचे? मिसिसिपी आणि रेड या दोन नद्यांच्या एकत्रित प्रवाहातला ३० टक्के हिस्सा अचाफलायाकडे सोडायचा, असे केंद्राने ठरवले आहे, आणि १९६३ पासून ओल्ड रिव्हर इथल्या दरवाजांनी तो मोजून सोडला जातो. मिसिसिपीने हजारो वर्षांपूर्वी सोडलेल्या पात्रात तिचेच पाणी आज माणसे परत आणून सोडत आहेत.

पाणी इतके मातकट का दिसते? प्रदूषण आहे का?

मातकट रंग मुख्यतः अचाफलायाच्या गाळाचा. प्रदूषणाचा प्रश्न वेगळा, आणि तोही खराच आहे. शेतांतून वाहून येणारी खते आणि माती, घरांच्या नादुरुस्त सेप्टिक टाक्यांतून झिरपणारे सांडपाणी आणि उन्हाळ्यात पाण्यात कमी होणारा प्राणवायू ही तीन मोठी कारणे. होडीने जायला हरकत नाही, पण पोहू नका. हातापायाला उघडी जखम असेल तर ती झाकून घ्या आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा.

काठावरची शेते इतकी लांब आणि अरुंद का?

उपग्रहाच्या नकाशावर पाहा, टेशपासून दोन्हीकडे काटकोनात पट्ट्या निघालेल्या दिसतील. ही फ्रेंच काळातली वाटणी. प्रत्येक कुटुंबाला बायूला लागून थोडी रुंदी द्यायची आणि तिथून मागे ४० आर्पांपर्यंत जमीन द्यायची. एक आर्पां साधारण ५८.५ मीटर, म्हणजे पट्टीची लांबी सुमारे २.३ किलोमीटर. या मोजणीमागे पक्का हिशेब होता. प्रत्येकाला होडी लावायला काठ मिळे, घरासाठी उंच जमीन मिळे, मधल्या उतारावर पीक घेता येई आणि मागच्या दलदलीतून सायप्रस या झाडाचे लाकूड मिळे. पुढे वारसांत जमीन वाटली गेली तीही लांबीतच, कारण काठ कोणालाच सोडायचा नव्हता. म्हणून काही पट्ट्या आज गल्लीएवढ्याच रुंद उरल्या आहेत.

काठावर कोणाचा हक्क? कुठेही उतरता येते का?

नाही. लुईझियानाचा दिवाणी कायदा फ्रेंच-स्पॅनिश परंपरेतून आला आहे. त्यानुसार होडी चालण्याजोग्या प्रवाहाचा तळ राज्याचा असतो. काठ खासगी मालकीचा असला तरी त्यावर सार्वजनिक वापराचा हक्क असतो. मात्र इथे काठ म्हणजे नेहमीच्या कमी पाण्याची रेषा आणि नेहमीच्या जास्त पाण्याची रेषा यांमधली अरुंद पट्टी, एवढाच अर्थ आहे. त्याच्या वरची हिरवळ, धक्का, ओकखालचा बाक हे सगळे घरमालकाचे. गावांनी बांधलेल्या सार्वजनिक धक्क्यांवरच उतरा. मासेमारीला राज्याचा परवाना लागतो, तो ऑनलाइन मिळतो.

इथल्या आणि महाराष्ट्रातल्या उसात फरक काय?

सर्वांत मोठा फरक थंडीचा. आपल्याकडे आडसाली ऊस १६ ते १८ महिने शेतात उभा राहतो. टेशच्या काठावर हिवाळ्यात दव गोठते, म्हणून वाढीला जेमतेम नऊ महिने मिळतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बेणे लावतात. कोंब वर येतात, थंडीत जळतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. त्या पिकाची तोडणी पुढच्या शरदात. त्यानंतर दोन-तीन खोडवे घेऊन जमीन काही काळ मोकळी ठेवतात. गळीत हंगाम सप्टेंबरअखेर सुरू होतो आणि जानेवारीच्या सुरुवातीला संपतो, कारण कडाक्याची थंडी पडून उसाचे डोळे आणि कांडी गोठली की रस बिघडतो.

तोडणी यंत्राने होते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात रस्त्यावर उसाच्या गाड्या, चिखल आणि पाचट जाळल्याचा धूर गृहीत धरा. दमा असलेल्या व्यक्तीला घेऊन या महिन्यांत जाऊ नका. पाऊस पडल्यावर कारखान्याच्या वळणावर सांडलेल्या चिखलावरून गाड्या घसरतात, तिथे वेग कमी ठेवा.

काकवी आवडत असेल तर व्हर्मिलियनच्या काठावरच्या ॲबेव्हिल गावात स्टीन्स या नावाने १९१० पासून उसाचा पाक बनतो. आपल्या काकवीच्या अगदी जवळची चव आहे, डबा घेऊन या.

साखर उद्योगातले लुईझियानाचे खरे योगदान कोणते?

नॉर्बर्ट रिलियू. हे नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक साखर कारखान्यात माहीत असायला हवे. १८०६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुक्त नागरिक पॅरिसमध्ये शिकला. त्याच्या आधी उसाचा रस उघड्या कढयांच्या रांगेत आटवत, आणि उकळता रस एका कढईतून दुसऱ्या कढईत पळीने ओतण्याचे काम गुलामांकडून करून घेत. भाजून माणसे जखमी होत, लाकूड अमाप जळे आणि साखर करपून काळी पडे.

रिलियूने बंद भांडी एकापुढे एक जोडली. पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्याला तापवते. दुसऱ्यात हवेचा दाब कमी ठेवल्यामुळे रस कमी तापमानाला उकळतो. तीच क्रिया पुढच्या भांड्यात. एकदा दिलेल्या उष्णतेवर तीन-चार वेळा काम होते आणि रस करपत नाही. १८४३ आणि १८४६ मध्ये त्याला याचे पेटंट मिळाले. प्रवरानगरपासून कोल्हापूरपर्यंत कारखान्यांत रस आटवणारी जी भांड्यांची रांग असते, ती याच तत्त्वावर चालते.

टेशकाठचे जुने वाडे पाहताना हेही ध्यानात असू द्या. न्यू आयबीरियातला शॅडोज-ऑन-द-टेश हा १८३४ चा वाडा देखणा आहे, पण तो उभा राहिला गुलामांच्या श्रमातून आलेल्या साखरेच्या पैशावर. तिथल्या मार्गदर्शकांना गुलामांच्या आयुष्याविषयी जरूर विचारा.

इथे फ्रेंच बोलणारे लोक कसे आले?

१७५५ पासून ब्रिटिशांनी कॅनडातल्या आजच्या नोव्हा स्कोशिया भागातून फ्रेंच भाषक अकेडियन लोकांना हाकलून दिले. त्यांतला एक जथा १७६५ मध्ये जोसेफ ब्रुसार्ड ऊर्फ बोसोलेय याच्या नेतृत्वाखाली टेशच्या परिसरात पोहोचला. आजचे केजन त्यांचेच वंशज. १७७९ मध्ये स्पेनमधल्या मालागाच्या लोकांनी न्यू आयबीरिया वसवले. आफ्रिकेतून आणि कॅरिबियनमधून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांमध्ये फ्रेंचवर आधारलेली क्रिओल भाषा घडली, आणि ब्रो ब्रिज-सिसिलिया भागात ती अजून ऐकू येते.

१९२१ च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरवले आणि फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होऊ लागल्या. एक-दोन पिढ्यांत भाषा घरातून गेली. १९६८ मध्ये त्याच राज्याने फ्रेंच टिकवण्यासाठी कोडोफिल ही सरकारी संस्था काढली. आज काही शाळांत सगळे विषय फ्रेंचमधून शिकवतात. आर्नोव्हिलला फ्रेंच गप्पांच्या बैठका भरतात, तिथे पाहुण्यांचे स्वागत होते.

सेंट मार्टिनव्हिलला इव्हँजेलिन ओक आहे. कवी लाँगफेलोच्या १८४७ च्या 'इव्हँजेलिन' काव्यातली अकेडियन नायिका काल्पनिक आहे, झाड खरे आहे. जवळच १९३४ मध्ये सुरू झालेले लाँगफेलो-इव्हँजेलिन हे लुईझियानाच्या राज्य उद्यानांतले पहिले उद्यान. एक तास पुरतो.

त्याआधी इथे कोण राहत होते?

चिटिमाशा ही मूळ अमेरिकन जमात. ते गेले कुठेच नाहीत. शॅरेंटनला टेशच्या काठावर आजही त्यांची राखीव भूमी आहे, १९१७ मध्ये केंद्राची मान्यता मिळालेली. एका प्रचंड सापाला त्यांच्या योद्ध्यांनी मारले आणि तो जिथे कुजून जमिनीत रुतला तिथे टेश झाला, अशी त्यांची कथा आहे. नदीकाठच्या बांबूसारख्या वेताच्या दुहेरी विणीच्या टोपल्या ही त्यांची कला. आतली आणि बाहेरची अशा दोन थरांच्या नक्षीत एकही टोक उघडे दिसत नाही. त्यांची भाषा बोलणारी शेवटची व्यक्ती १९४० मध्ये गेली. जुन्या नोंदी आणि ध्वनिमुद्रणांवरून जमात ती भाषा मुलांना पुन्हा शिकवते आहे. संग्रहालय पाहायला जाण्याआधी वेळ विचारून घ्या.

टेशमध्येही जलपर्णी आहे का?

आहे, आणि मुळा-मुठा किंवा पंचगंगेत दिसते तीच, दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती. लुईझियानात ती १८८४ च्या न्यू ऑर्लिन्स प्रदर्शनातून पसरली असे सांगितले जाते. संथ पाणी, शेतातून येणारे नत्र आणि ऊन मिळाले की ती काही आठवड्यांत पात्र झाकते. खालचा प्राणवायू संपतो, मासे मरतात, होड्या अडकतात. थंडीत पाने जळतात, पण खोड जिवंत राहते आणि वसंतात पुन्हा फुटते.

टेशकाठच्या न्यू आयबीरियाचे खासदार रॉबर्ट ब्रुसार्ड यांनी १९१० मध्ये अमेरिकेच्या संसदेत एक विधेयक आणले होते. आफ्रिकेतून पाणघोडे आणावेत, ते जलपर्णी खातील आणि देशाची मांसटंचाईही भागेल, असा प्रस्ताव. विधेयक मंजूर झाले नाही. आज तणनाशक फवारणी, यंत्राने काढणी आणि जलपर्णी खाणारे भुंगेरे हे उपाय एकत्र वापरतात. यांपैकी एकट्याने कुठलाच पुरत नाही. तुमची स्वतःची होडी असेल तर बाहेर काढल्यावर तळाला चिकटलेली प्रत्येक काडी काढा, नाहीतर पुढच्या तळ्यात तीच रुजेल.

क्रॉफिश भाताच्या शेतात वाढतात हे खरे?

खरे. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, कोळंबीसारखा कवचाचा प्राणी. मार्च-एप्रिलमध्ये भात पेरतात. रोपे वाढून पाणी कायमचे उभे केले की जूनच्या सुमारास एकरी २२ ते २७ किलो जिवंत क्रॉफिश सोडतात. ऑगस्टमध्ये कापणीसाठी पाणी काढले की ते चिखलात बिळे करून आत जातात. ऑक्टोबरमध्ये पुन्हा पाणी भरले की मादी पिल्लांसह बाहेर येते. भाताच्या धसाला फुटलेली पालवी कुजते, त्यावर सूक्ष्म जीव पोसले जातात आणि तेच पिल्लांचे खाद्य. हिवाळ्यापासून वसंतापर्यंत सापळ्यांनी पकडतात. चूक होते ती घाईने. उष्णता असतानाच पाणी भरले तर पालापाचोळा भराभर कुजून प्राणवायू संपतो आणि पिल्ले मरतात.

ब्रो ब्रिजला १९५९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने क्रॉफिशची जागतिक राजधानी म्हणून घोषित केले. मे महिन्याच्या सुरुवातीला उत्सव असतो. खायचे तर मार्च ते मे, तेव्हा आकार मोठा आणि भाव कमी असतो. उकडलेले क्रॉफिश माणशी दीड ते दोन किलो लागतात, कारण मांस फक्त शेपटीत असते. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी हात लावू नये.

शाकाहारी माणसाने काय खावे?

इथे जपून राहा. गम्बोचा रस्सा, लाल घेवडा-भात, मक्याची माक शू भाजी हे पदार्थ कागदावर शाकाहारी वाटले तरी त्यांत डुकराचे मांस, चरबी किंवा कोंबडीचा अर्क बहुतेक वेळा असतो. 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. सॉसेज, बेकन, हॅम आणि स्टॉक अशी नावे घेऊन विचारा. लाफियेटमध्ये भारतीय आणि मेक्सिकन जेवण मिळते. टेशच्या छोट्या गावांत जाताना डबा सोबत ठेवा.

होडीने जायचे तर कसे?

पोर्ट बॅरी ते बरविक हा सुमारे २१५ किलोमीटरचा वल्हवण्याचा मार्ग २०१५ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग म्हणून मान्य झाला. नवख्यांनी एका दिवशी १० ते १५ किलोमीटरच ठरवावेत. आर्नोव्हिल ते ब्रो ब्रिज यांमधला पट्टा सावलीचा आणि शांत आहे, सुरुवात तिथून करा. एक गाडी उतरण्याच्या धक्क्यावर आधी ठेवून या.

चार गोष्टी अडचणीच्या. सेंट मार्टिनव्हिल आणि न्यू आयबीरिया यांमध्ये १९१३ चा कीस्टोन बंधारा आहे. होड्या वर-खाली नेणारे तिथले जुने लॉक चालत नाही, होडी उचलून पलीकडे न्यावी लागते, बंधाऱ्याच्या जवळ जाऊ नका. दुसरे, खाली कॅल्युमेटला वॅक्स लेक आउटलेट हा खोदलेला कालवा टेशला आडवा छेदतो. तिथे दोन्ही बाजूंना पूरदरवाजे आहेत आणि कालव्यातला प्रवाह जोरदार असतो. अनुभव नसेल तर तो टप्पा सोडाच. तिसरे, झुकलेल्या फांद्यांखाली गांधीलमाश्यांची पोळी असतात, फांदी धरून होडी थांबवायची सवय इथे महागात पडते. चौथे, पडलेली झाडे. वादळानंतर आठवडाभर तरी थांबा.

१६ वर्षे आणि त्याखालच्या मुलांनी छोट्या होडीत जीवरक्षक जाकीट घातलेलेच असावे, असा राज्याचा नियम आहे. मोठ्यांसाठी ते होडीत असले तरी चालते, पण घाला.

गाडीने एक दिवसात काय पाहता येईल?

ह्यूस्टनहून आय-१० महामार्गाने ब्रो ब्रिज साडेतीन तासांवर, न्यू ऑर्लिन्सहून सुमारे दोन तासांवर. १०९ क्रमांकाच्या वळणाने उतरा. राज्य मार्ग ३१ टेशला चिकटून सेंट मार्टिनव्हिलमार्गे न्यू आयबीरियाला जातो, पुढे राज्य मार्ग १८२ जेनरेट, फ्रँकलिन आणि पॅटरसनपर्यंत. शेजारचा यूएस ९० वेगवान आहे, पण त्यावरून टेश दिसतच नाही. जाताना ३१ आणि १८२ घ्या, परतीला ९०.

सकाळी ब्रो ब्रिजजवळ लेक मार्टिनचे बगळे पाहा, मार्च-एप्रिलमध्ये तिथे घरटी भरलेली असतात. मगरींच्या अंडी घालण्याच्या काळात, साधारण जून ते ऑक्टोबर, तिथली बांधावरची पायवाट बंद ठेवतात. दुपारी न्यू आयबीरिया, आणि वेळ असेल तर १८६८ पासून टबॅस्को हा तिखट सॉस बनवणारे ॲव्हरी आयलंड. पॅटरसनला राज्य संग्रहालयाची शाखा आहे, तिथे सायप्रसच्या लाकूडधंद्याची माहिती नीट मांडली आहे. जुने सायप्रस या भागातून कसे संपले ते तिथे कळते. फ्रँकलिनच्या आसपास २००१ मध्ये स्थापन झालेले अभयारण्य लुईझियानाच्या काळ्या अस्वलांसाठी आहे. पहाटे किंवा संध्याकाळी तिथल्या रस्त्यांवर अस्वल आडवे येऊ शकते, वेग कमी ठेवा आणि गाडीत खाण्याचे पदार्थ उघडे ठेवू नका.

कोणत्या महिन्यात जावे?

मार्चचा दुसरा पंधरवडा ते एप्रिलअखेर. जून ते सप्टेंबर उकाडा, डास आणि चक्रीवादळे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा छान असते, पण उसाचा हंगाम चालू असतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात न्यू आयबीरियात साखर महोत्सव असतो, तेव्हा खोल्या लवकर भरतात. त्या वेळी लाफियेटला मुक्काम करून ये-जा करणे सोपे पडते.